रूढ व्रणानंतर : मधुमेही पायाची दिनचर्या

२०१८ सालच्या पावसाळ्यात आमच्याकडे ऊसशेती करणारे एक साठीतील गृहस्थ आले होते. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूस, रुपयाच्या नाण्याएवढा व्रण. मधुमेह चौदा वर्षांचा. क्षालन, शोधन, रोपण, पट्टबंधन, त्यांच्या फिजिशियनने सुरू केलेले इन्सुलिन आणि घरच्यांनी अक्षरशः पलंगावर बसवून घडविलेली विश्रांती, अशा साडेचार महिन्यांच्या प्रयत्नांनंतर तो व्रण भरला. शेवटची पट्टी सोडली त्या दिवशी ते पेढे घेऊन आले. आम्हीही समाधानात होतो. त्या समाधानाच्या भरात आम्ही त्यांना म्हणालो, "काका, आता मोकळेपणी चाला. सकाळी बांधावरच्या गवतावरून अनवाणी फेरी मारलीत तर उत्तमच."

अकराव्या आठवड्यात ते परत आले. दुखत काहीच नव्हते. अंथरुणावर डाग दिसला म्हणून सुनेने हट्टाने पाठविले होते. त्याच जागी जाड घट्टा बसला होता, घट्ट्याखाली पू होता आणि एषणी आत घालताच ती अस्थीला लागली. आम्ही त्यांना त्याच दिवशी शल्यचिकित्सकांकडे पाठविले. अंगठा आणि त्यामागील अस्थीचे टोक काढावे लागले.

या प्रकरणात रुग्णाचा दोष शून्य होता. त्यांनी आमचा सल्ला तंतोतंत पाळला होता. व्रण भरेपर्यंत आम्ही जेवढे सावध होतो, त्याच्या दशांशानेही तो भरल्यानंतर सावध नव्हतो, ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी उमगली. मधुमेहजन्य व्रण कसा भरून आणावा यावर आपल्या परिषदांतून आणि नियतकालिकांतून विपुल लेखन होते. भरल्यानंतरच्या काळाविषयी मात्र दोन-चार ओळींपलीकडे क्वचितच काही वाचावयास मिळते. म्हणून हा लेख.

ग्रंथ काय सांगतात

वस्तुतः आपल्या आचार्यांनी हा विषय सोडलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २३वा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला आहे. कुष्ठी, विषार्त, शोषी आणि मधुमेही यांचे व्रण कष्टाने सिद्ध होतात, आणि ज्यांना व्रणावर व्रण होतो त्यांचेही, असे तेथे म्हटले आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण मधुमेही हा शब्द अधोरेखित केला आणि व्रणावर व्रण हा भाग घाईने लिहून पुढे गेलो. त्याच अध्यायाच्या अखेरीस सम्यक् रूढ व्रणाची लक्षणे येतात : मुख पूर्ण मिटलेले, ग्रंथी नाही, शोथ नाही, रुजा नाही, वर्ण त्वचेसारखा आणि पृष्ठभाग समतल. आणि लगेच पुढच्याच श्लोकात आचार्य बजावतात की दोषप्रकोप, व्यायाम, अभिघात, अजीर्ण, हर्ष, क्रोध, भय यांनी भरलेला व्रणही पुन्हा फाटतो. वाग्भटांनी तर मुदत घालून दिली आहे. अष्टांगहृदयाच्या शस्त्रकर्मविधी अध्यायात, व्रण भरल्यावरही अजीर्ण, व्यायाम, व्यवाय इत्यादी वर्ज्य करावेत आणि हा विधी सहा-सात महिने आदराने पाळावा, असा त्यांचा आदेश आहे. आम्ही आमच्या काकांना सहा-सात दिवसही दिले नव्हते.

आधुनिक आकडे हेच सांगतात. २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आर्मस्ट्राँग, बोल्टन आणि बस यांचा या विषयावरील आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार मधुमेही पायाचा व्रण भरलेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ४० जणांना वर्षाच्या आत, जवळजवळ ६० जणांना तीन वर्षांत आणि ६५ जणांना पाच वर्षांत पुन्हा व्रण होतो. त्यामुळे 'बरा झाला' असे न म्हणता, कर्करोगाप्रमाणे 'तूर्त शमला आहे' असे म्हणावे, अशी त्यांची सूचना आहे. शब्दातला हा बदल आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. बरा झालेला रुग्ण परत येत नाही. शमलेला रुग्ण दर महिन्याला पाय दाखवावयास येतो.

'अरुज' या लक्षणाचा चकवा

रूढ व्रणाच्या लक्षणांपैकी 'रुजा नसणे' हे लक्षण मधुमेही पायात निरुपयोगी आहे, हे आपण स्वतःशी स्पष्ट केले पाहिजे. हातापायांची सुप्तता आणि दाह ही चरकाचार्यांनी प्रमेहाच्या पूर्वरूपांत गणली आहेत. ज्या पायात सुप्ती आहे तो पाय व्रण असतानाही अरुज असतो, भरल्यावरही अरुज असतो आणि आतून पुन्हा सडू लागल्यावरही अरुजच असतो. म्हणून अशा पायात ग्रंथी, शोथ, वर्ण आणि समतलता या चार लक्षणांवरच भिस्त ठेवावी लागते. घट्टा म्हणजे ग्रंथी आणि विषमतल एकाच वेळी. तो दिसला की व्रण सम्यक् रूढ नाही असे समजावे. घट्ट्याच्या आत काळसर-तांबडा ठिपका दिसला तर तो आतल्या रक्तस्रावाचा असतो, आणि वर त्वचा अखंड असली तरी खाली व्रण सुरू झालेला असू शकतो.

या बाबतीत वेल्लोर येथील डॉ. पॉल ब्रँड यांचे कार्य प्रत्येक वैद्याने जाणून घ्यावे असे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी तेथे कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम केले. कुष्ठरोगाने मांस आपोआप झडते हा त्या काळचा दृढ समज होता. वेदना कळत नसल्याने होणाऱ्या इजा हेच खरे कारण आहे, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत काम करताना, एका मोठ्या आघाताची गरज नसते, साध्या चालण्याचा मध्यम दाब त्याच जागी हजारो वेळा पडला तरी बधिर पायात आधी उष्णता, मग शोथ आणि शेवटी व्रण होतो, हेही त्यांनी सिद्ध केले. ज्याला वेदना कळते तो माणूस नकळत लंगडतो, दाब दुसरीकडे नेतो. सुप्त पायाचा माणूस सरळ चालत राहतो. मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या, म्हणजे एम. सी. आर. चपला वेल्लोरच्या त्या कामातून पुढे आल्या. आज शहरांतील अनेक पादत्राण-विक्रेत्यांकडे त्या मिळतात.

अनवाणी चालणे

आता आमच्या चुकीच्या मुळाकडे येतो. प्रमेही व्यक्तीने अनवाणी चालावे हा सल्ला आम्ही हवेतून दिला नव्हता. सुश्रुतांच्या चिकित्सास्थानातील ११व्या अध्यायात निर्धन, निराप्त प्रमेहीसाठी सांगितले आहे की, त्याने पादत्राण आणि छत्रीविना, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून, मुनीप्रमाणे शंभर योजने किंवा अधिक चालावे. हे वचन मधुमेह-शिबिरांतून मोठ्या आवडीने सांगितले जाते. आम्हीही ते अनेक भाषणांत सांगितले आहे. परंतु तो उपदेश कोणासाठी आहे? अपथ्याने मेद साठलेल्या, चालण्यास समर्थ, पाय शाबूत असलेल्या रुग्णासाठी. ज्याच्या तळव्याला खडा आणि काटा कळत नाही त्याच्यासाठी तो असू शकत नाही. त्याच स्थानातील २४व्या अध्यायात हेच आचार्य पादत्राणधारणाचे गुण सांगतात आणि सदैव अनवाणी फिरणे अनारोग्यकर, अनायुष्य आणि नेत्रांना घातक ठरवितात. एका अध्यायाचे वचन उचलून दुसऱ्याकडे पाठ फिरविणे हे शास्त्र नव्हे. सुप्त पायाच्या रुग्णाला गवतावर, वाळूवर, गोट्यांच्या अॅक्युप्रेशर मार्गावर अनवाणी चालण्यास सांगणे आम्ही पूर्णपणे थांबविले आहे. समव्यावसायिकांनीही थांबवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

घरात चप्पल वापरण्यास सांगणे हे आपल्या समाजात सर्वांत कठीण काम आहे. एका काकूंनी आम्हाला विचारले, "डॉक्टर, देवघरात चपला घालून कशी जाऊ हो?" प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यांना सुचविले की, एक जोड असा ठेवा की जो उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही, रोज पुसला जाईल, तो घरातला. त्यांनी तो मानला, परंतु देवघरापुढे चार फूट अंतरावर चपला काढून त्या आसनावर बसतात. आम्ही तेवढे मान्य केले. मोठ्या देवळाबाबतही आम्ही तडजोड करतो : दर्शन पहाटे घ्यावे, फरशी तापण्यापूर्वी, लांबची रांग आणि प्रदक्षिणा टाळावी, घरी आल्याबरोबर तळवे पाहावेत. चैत्र-वैशाखात दुपारच्या दगडी फरशीवरील पाच मिनिटेही सुप्त पायाला फोड आणण्यास पुरेशी होतात. नवरात्रातील नऊ दिवस अनवाणी राहण्याचा नेम आणि पंढरीची पायी वारी याविषयी मात्र आम्ही तडजोड करीत नाही. ज्याला एकदा व्रण होऊन गेला आहे त्याने नेम दुसऱ्या रूपाने करावा, हे घरातील वडीलधाऱ्यांच्या समक्ष स्पष्ट सांगावे. एकट्या रुग्णाला सांगून उपयोग होत नाही.

दररोज काय करावे

रोजच्या सवयींत आम्ही पहिले स्थान पादनिरीक्षणाला देतो. वेळ रात्रीची, जेवणानंतर, भरपूर उजेडात. रुग्णाची नजर अधू असते, गुडघे वाकत नाहीत, म्हणून तळवा दिसण्यासाठी जमिनीवर आरसा ठेवावा किंवा हे काम घरातील एका निश्चित व्यक्तीकडे सोपवावे. 'कोणीतरी बघा' असे सांगितले की कोणीच बघत नाही. आम्ही कार्डावर त्या व्यक्तीचे नाव लिहून घेतो. आमच्या अनुभवात हे काम सर्वांत नेमाने आठवी-नववीतील नातवंडे करतात. त्यांना आपण काही शोधून काढले याचा अभिमान वाटतो. तळवा, टाचा, बोटांची टोके आणि बोटांच्या बेचक्या पाहावयाच्या. फोड, चीर, लाली, काळा ठिपका, ओल, सूज यांपैकी काहीही दिसले की दुसऱ्या दिवशीच दाखवावयाचे.

निरीक्षणाच्या वेळीच दोन्ही पायांच्या समान जागांची उष्णता हाताच्या मागील बाजूने पडताळावी. यापेक्षा अचूक साधन आपल्यापैकी बहुतेकांच्या खणात पडून आहे. २०२० साली कोविडच्या निमित्ताने घेतलेले इन्फ्रारेड थर्मामीटर आठवा! ते पृष्ठभागाचे तापमान दाखविण्याच्या स्थितीत ठेवून दोन्ही पायांवर त्याच त्या ठिकाणी धरावे. समान जागांमधील फरक सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसहून अधिक आला, तर चालणे कमी करून तपासणीस यावे, हा आंतरराष्ट्रीय मधुमेही पाद कार्यगटाने आपल्या २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचनांतही स्वीकारलेला निकष आहे. डॉ. ब्रँड यांनी सांगितलेली, व्रणापूर्वीची उष्णता ती हीच.

पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाण्याची उष्णता रुग्णाने पायाने नव्हे, कोपराने पाहावी, किंवा घरच्यांनी पाहावी. पाय पाण्यात बुडवून बसू नये. बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. दूषित चिखलाच्या संपर्काने होणारा 'अलस' सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत वर्णिला आहे. आपल्याकडे त्याला चिखल्या म्हणतात, आणि पावसाळ्यात शेतकरी रुग्णांत तोच संसर्गाचा दरवाजा ठरतो.

पादाभ्यंग ही आपल्या शास्त्राची देणगी आहे. पायांचे खरत्व, स्तब्धता, रूक्षता, श्रम आणि सुप्ती पादाभ्यंगाने दूर होतात असे चरकाचार्य म्हणतात. नव्याने उगवलेली त्वचा आणि पाददारी, म्हणजे भेगा, यांच्यासाठी आम्ही रोज रात्री तीळतेलाचे किंवा खोबरेल तेलाचे काही थेंब हलक्या हाताने जिरविण्यास सांगतो. बेचक्यांत तेल नको, कारण तेथे ओल राहते. तेल लावून लगेच फरशीवर चालणे नको. काशाच्या वाटीने तळवे घासण्याची, आणि अलीकडे यंत्रावरील कांस्यथाळीवर पाय ठेवून बसण्याची लाट आली आहे. निरोगी पायास ती सुखावह असेल. सुप्त पायावरील नाजूक व्रणवस्तूला मात्र ते घर्षण धोक्याचे आहे. ज्या औषधालयांच्या दर्शनी भागात असे यंत्र ठेवले आहे, त्यांच्या मालकांनी पाय ठेवण्यापूर्वी 'मधुमेह आहे का, कधी जखम झाली होती का' एवढे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

पादत्राणाविषयी थोडे सविस्तर. अंगठ्याची चप्पल सुप्त पायातून निसटून गेलेली कळत नाही, आणि तिचा पट्टा बेचकीत घासतो. कोल्हापुरी चपलेचा अभिमान आम्हालाही आहे, परंतु तिचा कडक तळ अशा पायासाठी नव्हे. मागे पट्टा असलेली, वेल्क्रोने सैल-घट्ट होणारी, बोटांना पुरेशी रुंदी असलेली, आत मऊ आणि खाली टणक तळाची सँडल हवी. ती संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घ्यावी. नवी सँडल पहिल्या दिवशी तास-अर्धा तासच घालावी आणि काढल्यावर लाली उमटली का ते पाहावे. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी हात आत घालून चाचपावे. आमच्या एका रुग्णाच्या बुटात नातवाची गोटी संध्याकाळपर्यंत होती! मोजे सुती, फिक्या रंगाचे आणि सैल काठाचे असावेत. पांढऱ्या मोज्यावर डाग दिसतो, काळ्यावर दिसत नाही. पूर्वी ज्या जागी तळव्यावर व्रण होता तेथील दाब कमी करण्यासाठी खास मापाचा तळ बनवून घेणे शक्य असेल तर तो खर्च टाळू नये.

नखे स्नानानंतर मऊ असताना सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत. मोटारसायकलच्या सायलेन्सरपासून आणि जुन्या ट्रकच्या तापलेल्या तळापासून पाय जपावा. खेड्यातील जुन्या घरांत रात्री उंदीर सुप्त बोटे कुरतडतात. ऐकणाऱ्यास हे खोटे वाटते, परंतु कुष्ठरुग्णांवर काम करणाऱ्यांना ते जुन्या काळापासून ठाऊक आहे. अशा घरी पलंग आणि मच्छरदाणी सुचवावी. तंबाखू, विडी आणि मिश्री यांविषयी प्रत्येक भेटीत विचारावे. आहार आणि औषध यांविषयी वाचकांना नव्याने सांगण्यासारखे काही नाही. चालू इन्सुलिन आपल्या शब्दावर कोणी बंद करणार नाही एवढी दक्षता घ्यावी.

चालणे पुन्हा सुरू करताना व्यायाम या शब्दाचा श्लोकातील अर्थ ध्यानात ठेवावा. पट्टी सुटल्यावर पहिले काही आठवडे आम्ही सँडलसह घरातल्या घरात थोडे थोडे चालवितो आणि दर आठवड्याला पाय पाहून वाढवितो. लग्न, जत्रा, दशक्रिया अशा एकाच दिवशी पाच पट चालणे घडते, आणि नवा व्रण अनेकदा त्यानंतरच्या आठवड्यात दिसतो.

आपण आणि औषधालये

काही गोष्टी आपणच सोडल्या पाहिजेत. चरकाचार्यांनी मधुमेहीला अस्वेद्यांत गणले आहे, तरीही बधिरपणावर उपाय म्हणून गरम पोटली आणि अवगाह सर्रास दिले जातात. भाजल्याचे रुग्णाला कळत नाही आणि वैद्यालाही दुसऱ्या दिवशी कळते. कदरावर, म्हणजे कुरूपावर, उद्धरण करून तप्त स्नेहाने दहन सांगितले आहे. सुप्त पायावर किंवा नाडी न लागणाऱ्या पायावर ते करू नये. घट्टा प्रशिक्षित हाताने पातळ करून घ्यावा. औषधालय-मालकांना एक स्वतंत्र विनंती : कुरूपाची सॅलिसिलिक आम्लयुक्त पट्टी आणि भल्लातकयुक्त लेप मधुमेही ग्राहकास देऊ नयेत. आपल्या दुकानात त्याचे पाच मिनिटांचे काम होते आणि पंधरा दिवसांनी तो रुग्णालयात असतो.

पाय अचानक लाल, उष्ण, सुजलेला, परंतु फारसा न दुखणारा दिसला आणि जखम कोठेच नसेल, तर त्याला वातरक्त समजून लेप लावण्याची चूक आपल्याकडून होते. तो बहुधा शार्कोचा पाय असतो. त्यात आतील अस्थी चुरत असतात, आणि चालत राहिल्यास पायाची कमान कायमची कोसळते. त्याच दिवशी पायावरील भार बंद करून अस्थितज्ज्ञ अथवा पादतज्ज्ञाकडे पाठवावे. पायाच्या नाड्या लागत नसतील, व्रण पुन्हा उघडला असेल किंवा ताप असेल, तर तेथेही उशीर नको.

तपासणीसाठी फार सामग्री लागत नाही. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क प्रत्येक चिकित्सालयात असावा. त्यांचा खर्च एखाद्या लहानशा फलकाहून अधिक नाही. पूर्वी व्रण झालेला रुग्ण सर्वाधिक जोखमीच्या गटात येतो आणि त्याचा पाय दर एक ते तीन महिन्यांनी तपासावा, असे वर उल्लेखिलेल्या सूचनांत म्हटले आहे. आम्ही पहिले वर्षभर दरमहा बोलावितो. रुग्ण खुर्चीवर बसण्यापूर्वी मोजे काढून घेण्याचे काम साहाय्यकाकडे दिले आहे, कारण आम्ही स्वतः गर्दीत ते विसरतो, हे आमच्या ध्यानात आले.

ज्यांच्यापासून हा लेख सुरू झाला ते काका आजही येतात. अंगठा नसल्याने त्यांच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी आता दाब पडतो, आणि दर पाच-सहा आठवड्यांनी तेथे घट्टा धरू लागतो. तो आम्ही पातळ करतो. गेल्या भेटीत त्यांच्या सँडलचा तळ त्याच जागी दबून गेलेला आढळला. नवा तळ बसवून घेण्यासाठी त्यांना चिठ्ठी दिली असून, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांना पुन्हा बोलाविले आहे.